कळलावीचे नाव कसे नोंदवावे : रानफुलांची नावे आणि लोकसमजुती गोळा करणाऱ्यांसाठी

श्रावणात कोकणातल्या एखाद्या पाणंदीने चालताना गडग्यावरच्या काटेरी झुडपावर चढलेला एक वेल दिसतो. त्याचे फूल मान खाली घालून उमलते, पण पाकळ्या मात्र उलट वळून वर उभ्या राहतात. त्यांच्या कडा नागमोडी असतात, बुडाशी पिवळा आणि टोकाशी लाल रंग असतो, आणि लांबून पाहणाऱ्याला झुडपात कोणी लहानशी चूड पेटवून ठेवल्यासारखे वाटते. ही कळलावी. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ असे शास्त्रीय नाव दिले, आणि त्या दोन लॅटिन शब्दांत वैभव आणि डौल यांपलीकडे काही नाही. मराठी माणसाने तिला दिलेल्या नावात मात्र भांडण आहे, वेदना आहे आणि पुढच्या माणसाला दिलेली सावधगिरीची सूचनाही आहे.

अशी नावे आणि त्यांच्याभोवतीच्या समजुती नोंदवण्याची इच्छा आता अनेकांना होते, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र बहुतेक नोंदी ‘स्थानिक नाव : कळलावी’ एवढ्यावर थांबतात आणि अशा नोंदीचा पुढे कोणालाच फारसा उपयोग होत नाही. नाव ही एक साक्ष असते. ती कोणी दिली, कुठे दिली, कोणते झाड समोर असताना दिली आणि त्या नावाचे कारण काय सांगितले, हे सगळे सोबत असेल तरच ती ग्राह्य ठरते. हे काम नीट कसे करावे ते मी एकाच वनस्पतीच्या आधाराने सांगणार आहे, कारण कळलावीच्या नावांत या कामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र भेटतात.

आधी झाड, मग नाव

नाव विचारण्यापूर्वी आपल्यासमोर नेमके कोणते झाड आहे याची स्वतः खात्री करून घ्यावी. कळलावीच्या बाबतीत हे अवघड नाही. पानाला देठ नसतो आणि पानाचे टोक लांबट होऊन तणाव्यासारखे वळते. त्या वळलेल्या टोकानेच वेल शेजारच्या फांदीला धरून वर चढतो. फुलात सहा पाकळ्या आणि सहा पुंकेसर असतात, आणि बीजांडकोशापासून निघणारी कुक्षिवृंताची दांडी जवळजवळ काटकोनात बाजूला वळलेली असते. ही वळलेली दांडी एकदा पाहिली की पुन्हा विसरत नाही. छायाचित्र काढताना संपूर्ण फुलाबरोबर पानाचे टोक आणि ही दांडी अशी वेगवेगळी छायाचित्रे घ्यावीत. फुलाचा रंग वयाप्रमाणे बदलतो हेही लक्षात ठेवावे: उमलताना ते हिरवट, मग पिवळे, मग पिवळे-लाल आणि शेवटी सगळेच तांबडे होते. त्यामुळे एका माणसाने ‘पिवळ्या फुलाचा वेल’ म्हटले आणि दुसऱ्याने ‘लाल फुलाचा’, तर ते दोघे एकाच वेलाबद्दल बोलत असू शकतात.

झाड आधी पक्के करण्याचा आग्रह मी धरतो, कारण एक नाव अनेक झाडांना असते. ‘वाघनखी’ हे नाव घ्या. कळलावीच्या वळलेल्या, टोकदार पाकळ्यांवरून तिला काही ठिकाणी वाघनखी म्हणतात. पण त्याच नावाने माळावर आणि उकिरड्यावर उगवणारी, मूळची मेक्सिकोकडची ‘मार्टिनिया ॲनुआ’ ही वनस्पतीही ओळखली जाते, जिच्या वाळलेल्या फळाला खरोखरच दोन वाकड्या नख्या असतात. दोन्ही नावे आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती नोंदवहीत नुसते ‘वाघनखी’ लिहून ठेवणाऱ्याची.

याहून गंभीर घोटाळा ‘नाग’ या शब्दाचा आहे. कळलावीला खड्यानाग, करियानाग अशीही नावे आहेत, आणि गुजरातीत तिच्या नावात ‘वछनाग’ हा शब्द येतो. खरा बचनाग मात्र हिमालयात होणाऱ्या ॲकोनायटमच्या जातीचा असून त्याचे विष वेगळे आहे. ते मुख्यतः हृदयाच्या ठोक्यांवर आघात करते, तर कळलावीतील कोल्चिसिन हे विषारी द्रव्य पेशींचे विभाजन थांबवते. विषबाधा झालेल्या माणसाच्या नातेवाइकाने दवाखान्यात ‘बचनाग खाल्ला’ असे सांगितले आणि प्रत्यक्षात खाल्लेली कळलावी असली, तर या एका शब्दाने उपचाराची दिशा चुकू शकते. जाता जाता हेही सांगायला हवे की बचनाग या शब्दाचा सापाशी मूळचा संबंध नाही. तो संस्कृत ‘वत्सनाभ’ या शब्दापासून झिजत आला आहे. नाभचे नाग झाल्यावर लोकांना त्यात साप दिसू लागला आणि मग नावाला शोभणाऱ्या गोष्टीही जन्माला आल्या. अशा गोष्टी जरूर नोंदवाव्यात, पण नावाची व्युत्पत्ती म्हणून त्यांची नोंद करू नये.

ओळख पटवण्यासाठी वेल उपटण्याची गरज नाही आणि कळलावीच्या बाबतीत तर तसे मुळीच करू नये. तिचा जमिनीखालचा कंद दोन फाट्यांचा असतो. पावसाळा संपला की वरचा वेल वाळून जातो आणि पुढच्या वर्षीची सगळी आशा त्या कंदातच असते. फुलासह एक लहान फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवली, तिच्यासोबत गाव, तारीख आणि अधिवास लिहिला, तर शंका असल्यास पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लाटर वनस्पतिसंग्रहालयात जपून ठेवलेल्या नमुन्यांशी ती पडताळून पाहता येते. फांदी हाताळल्यावर हात धुवावेत आणि सोबत लहान मुले असतील तर त्यांना वेलाजवळ एकटे सोडू नये.

विचारावे कसे

या कामाच्या सुरुवातीला मी एक चूक केली होती, आणि ती इतर अनेकजण करतात म्हणून सांगतो. एका आजींना फूल दाखवून मी विचारले, “आजी, याला अग्निशिखा म्हणतात ना?” त्यांनी “हो, म्हणत असतील” म्हणून मान डोलावली आणि मी ‘अग्निशिखा’ असे लिहून मोकळा झालो. थोड्या वेळाने त्यांची नात त्या फुलाकडे हात नेऊ लागली, तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, “अगं, खड्यानाग आहे तो, हात नको लावूस.” त्यांच्या तोंडचे नाव ते होते. मी विचारलेले नाव पुस्तकातले होते आणि आजींनी ते केवळ पाहुण्याचा मान राखण्यासाठी मान्य केले होते.

म्हणून प्रश्नात नाव कधीच घालू नये. “तुमच्याकडे याला काय म्हणतात?” एवढेच विचारावे आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावे. शक्यतो झाडाजवळ उभे राहून विचारावे. फोनवरचे छायाचित्र दाखवले तर आकाराचा अंदाज येत नाही, आणि ज्यांची नजर अधू आहे अशी वयस्कर माणसे संकोचाने काहीतरी उत्तर देऊन टाकतात. कळलावीसाठी श्रावण आणि भाद्रपद हे महिने साधावेत, कारण उन्हाळ्यात वेल दिसतच नाही आणि लोक आठवणीवर बोलतात. नाव ऐकले की ते बोलणाऱ्याच्या उच्चारात जसेच्या तसे लिहावे. कळलावी, कळलाई, खड्यानाग, खडयानाग या रूपांपैकी ‘शुद्ध’ कोणते याची चिंता त्या वेळी करू नये. एकाच गावात बायका एक नाव घेतात आणि गुराखी दुसरे, असेही घडते. तेव्हा एकाच माणसाच्या उत्तरावर गावाचे नाव ठरवून टाकू नये.

सांगणाऱ्याची नोंद ही सौजन्याची बाब नसून ती या कामाचा पाया आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी कोचीच्या डच सत्तेचा प्रमुख हेन्ड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ करवून घेतला, तो ‘होर्तुस मलबारिकुस’ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. त्यात वनस्पतींच्या चित्रांवर इतर लिपींबरोबर नागरी लिपीतही कोकणी नावे कोरलेली आहेत, आणि ती सांगणाऱ्या रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघा कोकणी वैद्यांची १६७५ सालची नागरीतली साक्ष, तसेच इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याची साक्षही ग्रंथात छापलेली आहे. कळलावी त्या ग्रंथात ‘मेंदोनी’ या मल्याळी नावाने आहे. साम्राज्याच्या व्यापारी गरजेतून झालेल्या कामातही सांगणाऱ्यांची नावे जपली गेली, म्हणूनच आज ती माहिती कोणाची होती हे आपण सांगू शकतो. तुमच्या वहीतही नाव सांगणाऱ्या व्यक्तीचे गाव, अंदाजे वय, व्यवसाय आणि तिला ते नाव कोणाकडून कळले हे असावे. तिचे स्वतःचे नाव मात्र तिची परवानगी घेऊनच लिहावे.

‘कळ’ कोणती?

नाव मिळाल्यावर त्याचे कारण विचारावे. इथे मात्र घाई न करता थांबावे लागते, कारण कळलावीसारख्या नावाची दोन उत्तरे येतात आणि दोन्ही खरी असतात.

पहिले उत्तर भांडणाचे. कळ लावणे म्हणजे दोघांत भांडण लावून देणे. कळलाव्या नारद हा शब्दप्रयोग मराठी घरात सर्वांच्या परिचयाचा आहे. या वेलाचे फूल घरात आणले, आढ्याला खोचले किंवा कोणाच्या दारात टाकले की त्या घरात भांडणे होतात, अशी समजूत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. दुसरे उत्तर वेदनेचे. कळ म्हणजे दुखण्याची उठणारी तिडीक, आणि कळा म्हणजे बाळंतपणाच्या वेणा. अडलेल्या बाईच्या तळपायाला, तळहाताला किंवा बेंबीभोवती या कंदाचा लेप लावण्याची, किंवा कंद कमरेला बांधून बाळ जन्मताच तो सोडून टाकण्याची रीत सुइणींमध्ये होती; तेव्हा कळा लावणारी ती कळलावी.

यांतले खरे कोणते, असा प्रश्न अभ्यासकाला साहजिकच पडतो, आणि बहुतेक लिहिणारे एक उत्तर निवडून दुसऱ्याला अडाण्यांची समजूत ठरवतात. माझे मत याच्या उलट आहे. संस्कृत निघंटूंत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशांत, या वनस्पतीला ‘कलिकारी’, म्हणजे कलह करणारी, असे एक नाव आहे आणि ‘गर्भनुत्’, म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी, असेही एक नाव आहे. म्हणजे भांडणाचा अर्थ आणि प्रसूतीचा अर्थ हे दोन्ही जुने आहेत, दोन्ही शेजारीशेजारी नांदत आले आहेत, आणि मराठीच्या एका शब्दात ते एकत्र बसले आहेत. तेव्हा नोंद करताना दोन्ही अर्थ, कोणता अर्थ कोणी सांगितला यासह, वेगवेगळे लिहावेत. सुईण राहिलेल्या बाईने एक अर्थ सांगितला आणि गावातल्या तरुणाने दुसरा, तर ते ज्ञान कोणाच्या हातात होते आणि ते कुठे निसटले, हेच त्या फरकातून कळते.

संस्कृत नावांची यादी आणखी एका कारणासाठी पाहण्यासारखी आहे. हलिनी आणि लांगली ही नावे नांगरावरून आली आहेत. दोन फाट्यांचा कंद पाहिला की ती का आली ते लगेच समजते. अग्निशिखा आणि वह्निवक्त्रा ही फुलावरून आली आहेत. विशल्या, म्हणजे शरीरात रुतलेले शल्य बाहेर काढणारी, हे नाव गुणावरून आले आहे. जमिनीखालचा भाग, जमिनीवरचा भाग आणि शरीरावरचा परिणाम अशी तिन्ही निरीक्षणे नावांतच साठवलेली आहेत. म्हणून कोणतेही रानफूल नोंदवताना प्रत्येक नावापुढे ते झाडाच्या कोणत्या भागावरून किंवा गुणावरून आले आहे हे लिहिण्याची सवय लावून घ्यावी. काही दिवसांनी त्या यादीकडे पाहिले की गावातल्या लोकांनी त्या झाडाकडे कुठून पाहिले ते दिसू लागते.

दूरच्या प्रदेशांतील नावांशी तुलना केल्यास ही निरीक्षणे अधिक स्पष्ट होतात. झिंबाब्वेचे हे राष्ट्रीय फूल असून इंग्रजीत तिथेही त्याला ज्वालेवरूनच ‘फ्लेम लिली’ म्हणतात. संस्कृत अग्निशिखेशी ओळख नसतानाही तिथल्या डोळ्यांना तीच ज्वाला दिसली. तमिळनाडूचे हे राज्यफूल आहे. संगमकाळच्या, म्हणजे प्राचीन तमिळ कवितेत ‘कांदळ’ म्हणून येणारे हे फूल मुरुगन देवाच्या गळ्यातल्या माळेत असते आणि स्त्रीच्या बोटांना त्याच्या पाकळ्यांची उपमा दिली जाते. तमिळमध्ये त्याला ‘कार्तिगैप्पू’ असेही नाव आहे, कारण तिथे ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत, तमिळ कार्तिगै महिन्याच्या सुमारास ते फुलते. आपल्याकडे त्या सुमारास वेल सुकून गेलेला असतो. यावरून एवढेच लक्षात ठेवावे की ऋतूवरून पडलेले नाव त्या प्रदेशाबाहेर नेता येत नाही.

समजूत आणि रीत वेगवेगळी लिहावी

लोक जे मानतात ते आणि लोक जे करतात ते, या दोन गोष्टी वहीत वेगवेगळ्या ठेवाव्यात. कळलावीचे फूल घरात आणू नये ही समजूत आहे. पण भाद्रपदात गौरी-गणपती आले की कोकणात आणि गोव्यात रानातली फुले-फळे घरात येतात. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर बांधल्या जाणाऱ्या माटोळीत रानच्या इतर वस्तूंबरोबर हे फूलही दिसते, आणि गौरीच्या सणाशी जोडलेले ‘गौरीचे हात’ हे त्याचे एक नावही आहे. एरवी जे फूल उंबरठ्याबाहेर ठेवायचे, ते देवीच्या निमित्ताने आत येते. असा विरोध दिसला की तो मिटवण्याचा प्रयत्न करू नये, उलट, “मग सणाला कसे चालते?” असे नम्रपणे विचारावे आणि जे उत्तर मिळेल ते शब्दशः लिहावे. वर्षभर दूर ठेवलेल्या रानाला चार दिवस घरात बोलावण्याचा हा सण आहे, असे मला वाटते. पण हे माझे वाचन आहे आणि वहीत ते माझ्या नावावर, वेगळ्या समासात लिहिलेले आहे. तुमचेही तसेच असावे.

म्हणी हा याच नोंदीचा भाग आहे. त्याच सणात तेरड्याची रोपे मुळांसकट आणून त्यांची गौर करतात, आणि ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण गौरीच्या आवाहन, पूजन आणि विसर्जन या तीन दिवसांशी सहज जुळते. कासच्या पठारावरच्या चिमुकल्या जांभळ्या फुलांना ‘सीतेची आसवे’ म्हणतात, तिथे नावातच सगळी कथा आहे. अशा नावांमागची कथा विचारताना “रामायणात असे आहे का?” हा प्रश्न टाळावा. गावातल्या कथेला ग्रंथाची मान्यता आहे की नाही हे तपासणे त्या क्षणी आपले काम नसते, आणि तसे विचारले की सांगणारा माणूस बोलायचा थांबतो.

विषाबद्दल लिहिताना

कळलावीसारख्या वनस्पतीची नोंद करताना औषधी उपयोग लिहिण्याचा मोह सर्वांत जास्त होतो आणि धोकाही तिथेच असतो. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात रुई, निवडुंग, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा यांच्या जोडीला लांगली धरून सात उपविषे सांगितली आहेत. म्हणजे परंपरेनेही तिला विषच मानले आहे. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन असते. या द्रव्यावर गाउट या सांधेदुखीचे औषध तयार होते आणि त्यासाठी तमिळनाडूत बियांकरिता या वेलाची शेतीही केली जाते. पण औषधाची मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. श्रीलंकेत, जिथे तिला नियगला म्हणतात, रताळे समजून कंद खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. सुरुवातीला काही तासांत उलट्या आणि जुलाब होतात, मग काही दिवसांत अस्थिमज्जा निकामी होऊ लागते, आणि जे वाचतात त्यांचे केस गळतात.

म्हणून माझा नियम असा आहे की सुइणीची रीत इतिहास म्हणून पूर्ण लिहायची, पण मात्रा, अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचे ते) आणि कृती प्रसिद्ध करायची नाही. ‘पूर्वी असे करीत असत’ हे भूतकाळातच लिहावे आणि त्याच परिच्छेदात, खाली टीप म्हणून नव्हे, हा वेल प्राणघातक विषारी आहे हे लिहावे. घरात फूल आणले की भांडण होते, या समजुतीची खिल्लीही उडवू नये. ज्या घरात रांगती मुले आहेत त्या घरापासून एक विषारी कंद दूर ठेवण्याचे काम त्या समजुतीने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे, आणि ‘हात नको लावूस’ म्हणणाऱ्या आजींनी माझ्या डोळ्यांदेखत तेच केले होते.

नोंद परत गावाला द्यावी

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. तुमची नोंद पूर्ण झाली की तिची एक स्वच्छ प्रत या समितीला द्यावी, आणि वैदू किंवा सुईण यांनी विश्वासाने सांगितलेली, बाहेर जाऊ नये अशी त्यांची इच्छा असलेली माहिती त्यातून वगळावी. देण्यापूर्वी ज्यांनी नावे सांगितली त्यांना ती प्रत वाचून दाखवावी. या वाचनात हमखास दुरुस्त्या निघतात. कोणी म्हणते, हे नाव आमचे नाही, पलीकडच्या वाडीचे आहे, आणि कोणाला मध्येच चौथे नाव आठवते. ते नाव त्याच दिवशी, त्याच प्रतीवर, सांगणाऱ्यासमोरच लिहून घ्यावे.